ध्वजाखालचा विमानप्रवास

पुण्याहून मुंबईस जाणारा जुना रस्ता आणि नाशिकास जाणारा रस्ता हे ज्या ठिकाणीं एकमेकांचा निरोप घेतात, त्या कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर एक दुमजली पूल आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें त्यास भारतरत्न जे. आर. डी. टाटा यांचें नांव दिलें आहे. भोसरी, मोशी व चाकण येथील कारखान्यांत जाणारे हजारों लोक रोज या पुलावरून जातात. अशा पुलास मराठींत 'उड्डाणपूल' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आणि ज्या गृहस्थानें या देशांत उड्डाणाचा व्यवसाय रुजविला, त्याचें नांव एका उड्डाणपुलास मिळावें, हा योगायोग मोठा बोलका खरा. परंतु आमच्या या औद्योगिक पट्ट्यांत टाटा म्हटलें म्हणजे मालमोटार आठवते, विमान आठवत नाहीं. १९६६ सालीं टेल्कोनें पुण्याजवळ आपला कारखाना थाटला तेव्हांपासून दोन पिढ्यांच्या चुली त्यावर पेटल्या. तेव्हां हें स्वाभाविकच आहे.

मला हा विषय सुचला तो ग्रंथ वाचतांना नव्हे. आमच्या चिंचवडांतील एक शेजारी, ज्यांस सारी आळी अण्णा म्हणते, टेल्कोंत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. कंपनीचें नांव २००३ सालीं बदललें, पण अण्णांच्या तोंडीं अजून टेल्कोच आहे. त्यांची कन्या लंडनजवळ राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणास आईनें जावें असें ठरलें, आणि अण्णा व वहिनी यांनीं उभ्या आयुष्यांत प्रथमच विमानांत बसण्याचा योग आला. एका संध्याकाळीं अण्णा वही व पेन्सिल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही दोन-चार वेळां जाऊन आलेले आहांत. काय न्यावें, काय नेऊं नये, सगळें सांगा. मी लिहून घेतों. आणि दुसरें असें कीं, मुलीनें तिकिटें एअर इंडियाचीं काढलीं आहेत. ती कंपनी आतां सरकारी राहिली नाहीं म्हणतात. मग तिला आपल्या राष्ट्राची कां म्हणायचें?" इतकें बोलून ते थोडे थांबले, व आवाज उतरवून म्हणाले, "आणि ही घाबरली आहे. अहमदाबादचें तें चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं."

वहींत लिहून घेण्याजोगें उत्तर यांपैकीं पहिल्याच प्रश्नाचें होतें. परंतु सांगावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हे तिन्ही प्रश्न मुळांत एकच आहेत. विमानप्रवासाची प्रत्येक सूचना हें एखाद्या घडलेल्या गोष्टीचें अवशिष्ट आहे. तो इतिहास कळला म्हणजे सूचना पाठ करावी लागत नाहीं, आणि भीतीहि आपल्या योग्य मापाची होते. अण्णांशीं तीन-चार संध्याकाळीं जें बोलणें झालें, तेंच येथें थोड्या व्यवस्थेनें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम 'ध्वजवाहक' या शब्दाविषयीं. हा शब्द समुद्रावरून आकाशांत गेला. जहाज ज्या देशाचें निशाण लावील त्या देशाचा कायदा त्यावर चालतो, हा दर्यावर्दी व्यवहार जुना आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें अनेक राष्ट्रांनीं जो विमानवाहतुकीचा करार केला, त्यानें प्रत्येक राष्ट्राचें आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण स्वामित्व आहे हें तत्त्व मान्य केलें, आणि प्रत्येक विमानास, ज्या देशांत त्याची नोंद असेल त्या देशाचें, राष्ट्रीयत्व दिलें. म्हणजे माणसास जसें नागरिकत्व, तसें विमानास. आकाश ज्याचें त्याचें ठरल्यावर एका देशाच्या विमानास दुसऱ्या देशांत उतरण्यासाठीं दोन सरकारांत करार होणें क्रमप्राप्त झालें. अशा करारान्वयें प्रत्येक सरकार आपल्या वतीनें एखादी कंपनी पुढें करी. बहुधा ती एकच असे, व पुष्कळदां सरकारच्याच मालकीची असे. तिलाच लोक राष्ट्राची ध्वजवाहक कंपनी म्हणूं लागले. अण्णांस मीं एक खूण सांगून ठेवली: विमानाच्या अंगावर 'व्हीटी' हीं दोन अक्षरें पाहा. तीं हिंदुस्थानास ब्रिटिश अमदानींत मिळालीं, आणि आजहि भारतांत नोंदलेल्या प्रत्येक विमानावर असतात. मालक कोणीहि असो, तीं अक्षरें आहेत तोंपर्यंत विमान भारतीय आहे आणि त्याच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी भारत सरकारची आहे.

आतां कंपनीच्या जन्माची कथा. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस विमान चालविण्याचा परवाना मिळाला. या देशांत दिला गेलेला तो पहिला परवाना होय. त्याच वर्षीं इंपीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीचें टपाल लंडनहून कराचीपर्यंत विमानानें येऊं लागलें. पण कराचीहून पुढें तें आगगाडीनें सरपटत येई. नेव्हिल व्हिंटसेंट या माजी लष्करी वैमानिकानें टाटांपुढें योजना मांडली कीं, कराचीपासून मुंबईमार्गें मद्रासेपर्यंत हें टपाल आपण विमानानें नेऊं. सरकारनें या उपक्रमास अर्थसाह्य दिलें नाहीं. सुमारें दोन लक्ष रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालें, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. स्वतः एका लहानशा पस मॉथ विमानांत ५५ पौंड टपाल घेऊन कराचीहून निघाले. वाटेंत अहमदाबादेस विमानासाठीं पेट्रोल आलें तें बैलगाडींतून! दुपारीं ते जुहूस उतरले, आणि पुढचा मद्रासेपर्यंतचा टप्पा व्हिंटसेंट यांनीं पुरा केला.

या कथेंत पुण्याचा वांटा काय, हें आमच्याकडील फारच थोड्यांस ठाऊक असेल. जुहूचें मैदान समुद्राच्या कडेस असल्यामुळें पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई. मग काय करावें? ही इवलीशी कंपनी आपला सारा बाडबिस्तरा, म्हणजे दोन विमानें, यंत्रज्ञ व हत्यारें, गुंडाळून घांट चढून पुण्यास येई, आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेंतील एका मैदानावरून तिचीं विमानें उडत. ज्या तुरुंगांत १९३२ च्या सप्टेंबरांत महात्माजींचें उपोषण झालें आणि पुणें करार घडला, त्याच्याच शेजारीं पुढें पावसाळ्यांत टपालाचीं विमानें उतरत, हें चित्र मनांत आणून पाहावें. पुढें जी राष्ट्राची कंपनी म्हणून जगभर गेली, तिनें आपले पहिले पावसाळे पुण्यांत भाडेकरूप्रमाणें काढले. हें ऐकून अण्णा एकदम म्हणाले, "म्हणजे टेल्कोच्या आधीं विमान पुण्यास आलें कीं!" मीं म्हटलें, तीस वर्षांहून अधिक आधीं.

१९३३ या पहिल्या पूर्ण वर्षांत या कंपनीनें १,६०,००० मैलांचें उड्डाण केलें, १५५ उतारू नेले व ६०,००० रुपये नफा मिळविला. सबंध वर्षांत १५५! आज एका लहान विमानांत याहून अधिक माणसें बसतात. महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं टाटा एअरलाइन्सचें रूपांतर 'एअर इंडिया' या सार्वजनिक कंपनींत झालें. त्याच वर्षीं बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनीं तो वांकून स्वागत करणारा, मोठ्या मिशांचा महाराजा निर्माण केला. १९४८ च्या मार्चांत परदेशच्या वाहतुकीसाठीं 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' स्थापन झाली. तींत सरकारचा हिस्सा शेंकडा ४९ होता. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनास गेलें. त्या काळच्या जाहिरातींत या प्रवासाचें भाडें १,७२० रुपये दिलेलें आहे. तेव्हांच्या शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीस विलायत ही बोटीचीच वाट कां वाटे तें कळतें.

पांच वर्षांनीं मालकी बदलली. युद्धानंतर सैन्याचीं जुनीं डाकोटा विमानें स्वस्तांत मिळाल्यामुळें देशांत नव्या विमान कंपन्यांचें पीक आलें होतें. सरकारनें परवाने सढळ हातानें दिले, उतारू तेवढे नव्हते, आणि बहुतेक कंपन्या तोट्यांत आल्या. १९५३ च्या कायद्यानें सरकारनें हा सर्व व्यवसाय ताब्यांत घेतला. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ देशी कंपन्या मिळून 'इंडियन एअरलाइन्स' झाली, व परदेशची वाहतूक निराळ्या महामंडळाकडे गेली. जे. आर. डी. यांचा राष्ट्रीयीकरणास विरोध होता आणि तो त्यांनीं लपविला नाहीं. तथापि पंडित नेहरूंच्या आग्रहावरून परदेशी वाहतुकीच्या महामंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं पत्करलें आणि तें पंचवीस वर्षें वेतनाशिवाय सांभाळलें. ज्या निर्णयाविरुद्ध आपण भांडलों, तो झाल्यावर त्याचेंच काम मन लावून करणें, ही गोष्ट सार्वजनिक जीवनांत विरळा. स्वतः प्रवास करून आल्यावर ते चहाचा रंग, पडद्याचें कापड, खुर्चीची पाठ अशा बारीकसारीक गोष्टींवर टिपणें लिहीत. मोठ्या संस्थेची अब्रू लहान गोष्टींत असते, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

या काळांत कंपनीचें नांव खरोखर दुमदुमलें. १९६० सालीं बोइंग ७०७ जेट विमानें आलीं आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ सालीं केवळ जेट विमानें बाळगणारी ती जगांतील पहिली कंपनी ठरली. १९७१ सालीं 'एम्परर अशोक' हें पहिलें जंबो विमान आलें. हाच काळ महाराष्ट्रांतील शिकलेल्या मुलांचा परदेशीं जाण्याचा काळ होय. एक मुलगा अमेरिकेस निघाला कीं सारें बिऱ्हाड त्यास पोंचवावयास सांताक्रूझला जाई. गळ्यांत हार, कपाळीं कुंकू, आणि पेटींत मेतकूट व लोणचें. विमानाच्या दारांत नमस्कार करून कोणी हिंदींत बोललें म्हणजे घर आणखी पंधरा तास आपल्याबरोबर आहे असें त्या मुलास वाटे. 'राष्ट्रीय' या शब्दाचा लोकांच्या मनांतील अर्थ हा होता. कायद्याचा अर्थ त्यांच्या गांवींहि नव्हता.

पुढें घसरण लागली. फेब्रुवारी १९७८ मध्यें जे. आर. डी. यांस अध्यक्षपदावरून दूर करण्यांत आलें. संस्थेच्या कारभारांत मंत्र्यांचा हात वाढत गेला, निर्णय लांबूं लागले, स्पर्धा वाढली. २००७ सालीं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचें एकीकरण झालें. त्यानंतर कर्जाचा डोंगर वाढतच गेला. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्यें टाटांची १८,००० कोटींची बोली स्वीकारली गेली; पैकीं १५,३०० कोटी म्हणजे अंगावर घेतलेलें कर्ज, व २,७०० कोटी रोख. २७ जानेवारी २०२२ रोजीं कंपनी पुनः टाटांच्या हातीं आली.

येथें राष्ट्रीयीकरण ही निव्वळ चूक होती असें म्हणून मोकळें होण्याचा मोह अनेकांस होतो. तो मला अर्धवट वाटतो. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत घेतलें तेव्हां तेथें अडकलेल्या आपल्या लोकांस अम्मानहून मुंबईस आणण्याचें काम याच कंपनीनें केलें. एकूणसाठ दिवसांत ४८८ उड्डाणें, आणि एक लक्ष अकरा हजारांहून अधिक माणसें! त्यांत कोंकणांतील व घांटावरील किती घरांचे मिळवते हात असतील याची कल्पनाच करावी. २०२० च्या महामारींत जगाचीं दारें बंद झालीं तेव्हांहि परदेशांत अडकलेल्यांस आणण्यास हींच विमानें गेलीं. नफ्याच्या हिशेबांत न बसणारें काम निमूटपणें करवून घेण्याची सोय सरकारी मालकींत होती. परंतु त्याच मालकीनें रोजच्या कामांतील कसोशी हरवली. आपत्काळीं धांवून येणारा व रोज उशीर करणारा भाऊ जसा घरांत असतो, तशी ही संस्था झाली होती. आपण त्याजवर प्रेमहि करतों आणि त्याच्या भरंवशावर लग्नाचा मुहूर्तहि धरीत नाहीं.

आतां वहिनींच्या भीतीविषयीं. ती खोडून काढणें मला प्रशस्त वाटलें नाहीं, कारण ती निराधार नव्हती. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनास निघालेलें या कंपनीचें विमान उड्डाण करतांच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतील २४२ पैकीं एकच मनुष्य वांचला. जमिनीवरील १९ जण गेले. कंपनीच्या इतिहासांत असे काळे दिवस पूर्वींहि आले आहेत. तीच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजीं माँ ब्लाँ पर्वतावर आदळली व ४८ माणसें गेलीं. २४ जानेवारी १९६६ रोजीं त्याच पर्वतावर कांचनजंगा हें विमान आदळलें. गेलेल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एम्परर अशोक वांद्र्याच्या समुद्रांत बुडालें, २१३ गेले. २३ जून १९८५ रोजीं कनिष्क विमान घातपातानें आयर्लंडजवळ नष्ट झालें, ३२९ गेले.

ही यादी मीं अण्णांस वाचून दाखविली, वहिनीहि दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. मीं त्यांस म्हटलें, "वहिनी, अपघात होतच नाहींत असें मी सांगणार नाहीं. पण प्रत्येक अपघातानंतर काय होतें तें ऐका." राष्ट्रांनीं मिळून असा नियम केला आहे कीं, विमान अपघाताच्या तपासाचा हेतु कोणास शिक्षा करणें हा नसून पुनः तसें घडूं नये हा असावा. अहमदाबादच्या अपघाताचाहि असाच तपास सुरू होऊन त्याचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. कनिष्क विमानांत बाँब होता ती पेटी ज्याच्या नांवावर चढविली होती, तो उतारू स्वतः विमानांत बसलाच नव्हता. म्हणून आज सामान दिलेला उतारू विमानांत चढला नाहीं तर त्याची पेटी शोधून उतरवितात, मग उड्डाणास कितीहि उशीर होवो. "ही पेटी तुम्ही स्वतः भरली का?" असें काउंटरवर विचारतात, तेव्हां त्या प्रश्नामागें ३२९ माणसें उभी असतात. २००६ च्या ऑगस्टांत लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकें नेण्याचा कट उघडकीस आला, म्हणून हातांतील पिशवींत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नेऊं देत नाहींत असा नियम जगभर पसरला. हे नियम म्हणजे गेलेल्या माणसांनीं मागें राहिलेल्यांस दिलेला वारसा आहे. रांगेंत उभें राहून आपण त्रासतों, तेव्हां इतकें आठवलें म्हणजे त्रास थोडा कमी होतो. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण दारांतून आंत येऊन बसल्या.

त्यानंतर वही उघडली. अण्णांनीं जें लिहून घेतलें त्याचा सारांश असा.

पहिली गोष्ट नांवाची. आपल्याकडे स्त्रीचें नांव माहेरचें एक, सासरचें एक, आणि मधलें नांव कधीं वडिलांचें तर कधीं पतीचें. विमानाच्या तिकिटावर पासपोर्टांतील नांव अक्षरशः जुळलें पाहिजे. हें तिकीट काढतांनाच पाहावें. विमानतळावर पाहून उपयोग नाहीं.

दुसरी गोष्ट वाटेची. लोहगांवचा तळ १९३९ सालीं लष्करी विमानांसाठीं निर्माण झाला, आणि आजहि तो मूलतः वायुसेनेचा आहे. लंडनास थेट विमान तेथून सुटत नाहीं. तेथून दिल्लीमार्गें जावयाचें तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावे, म्हणजे पहिलें विमान उशिरां पोंचून दुसरें चुकल्यास पुढें पोंचविण्याची जबाबदारी कंपनीची राहते. मुंबईहून थेट जावयाचें तर उड्डाणापूर्वीं तीन तास विमानतळावर असावें, आणि घांटांतील खोळंबा हिशेबांत धरून घर सोडावें. काउंटर उड्डाणापूर्वीं तास-सव्वातास बंद होतो, आणि घांटांतील मालमोटारींची सबब तेथें कोणी ऐकत नाहीं. मग त्या मोटारी अण्णांच्या हातच्या कां असेनात!

तिसरी गोष्ट सामानाची. सुकें खोबरें तेलकट असल्यामुळें पेट घेऊं शकतें, म्हणून पेटींत देण्यास मनाई आहे. ओटीचा विधि घरींच उरकून घ्यावा. लोणचें हातांतील पिशवींत चालत नाहीं. नीट बांधून मोठ्या पेटींत द्यावें. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ इंग्लंडांत नेण्यास तेथील कायद्याची बंदी आहे. उलट, मोबाइलची जादा बॅटरी मोठ्या पेटींत देऊं नये, हातांतच ठेवावी, कारण ती पेटल्यास माणसाच्या नजरेसमोर पेटलेली बरी. औषधें, वैद्याची चिठ्ठी, पासपोर्ट आणि मुलीचा पत्ता हीं अंगाजवळ असावींत.

चौथी गोष्ट शरीराची. दर दीड-दोन तासांनीं उठून चार पावलें चालावें, पाणी पीत राहावें, आणि कान दडपले तर आवंढा गिळावा. खुर्चीचा पट्टा बसलेले असाल तोंवर सैल कां होईना, पण बांधलेलाच ठेवावा.

पांचवी गोष्ट हक्काची, आणि आपले लोक नेमकी हीच विसरतात. सामानाची पावती जपून ठेवावी. पेटी फुटली तर तक्रार लेखी व सात दिवसांच्या आंत द्यावी. पेटी उशिरां आली तर ती हातीं आल्यापासून एकवीस दिवसांच्या आंत. ही मुदत १९९९ च्या माँट्रियल करारान्वयें आहे, आणि भारत त्यांत २००९ पासून सामील आहे. उड्डाण रद्द झालें तर दुसरें उड्डाण अगर तिकिटाचे पैसे मागण्याचा आपणांस अधिकार आहे. तो विनंतीच्या सुरांत मागावा, पण उपकार म्हणून मागूं नये.

अण्णांनीं वही मिटली आणि पुनः आपल्या मूळ प्रश्नावर आले. "तें सगळें ठीक, सर. पण ती आपली कशी?"

मीं त्यांस विचारलें, "अण्णा, टेल्को तुमची होती का?"

ते हसले. "मालक टाटा. पण गाडी दरवाजाबाहेर जाई तेव्हां ती आमची असे. तींत खोट निघाली तर आम्हांस झोंप येत नसे."

उत्तर त्यांच्यापाशींच होतें. एखादी संस्था राष्ट्राची होते ती तीन तऱ्हांनीं. एक नोंदीनें, ती 'व्हीटी' या अक्षरांत आहे. दुसरी मालकीनें; ती १९५३ सालीं आली व २०२२ सालीं गेली. तिसरी आचरणानें, आणि ती कोणी विकूं शकत नाहीं, विकत घेऊंहि शकत नाहीं. १९३२ सालीं सरकारचा एक रुपया नसतांना ती राष्ट्रीय होती, आणि सारें भांडवल सरकारचें असतांना तिच्यांतील राष्ट्रीयत्व पुष्कळदां झोंपीं गेलें. मालकाचें नांव पाहून तिजवर भाबडें प्रेम करणें, अथवा तेंच नांव पाहून तिला तुच्छ लेखणें, दोन्ही चूक. आपली म्हणून तिच्या उणीवा पोटांत घालणें ही तर देशभक्ति नव्हेच. खराब चहावर टिपण लिहिणारा अध्यक्ष तिला अधिक आपली मानीत होता. उतारूनेंहि तेंच करावें. चांगल्याची तोंड भरून तारीफ करावी, वाईटाची लेखी तक्रार करावी, आणि दोन्ही वेळां आपण भिक्षेकरी नसून भागीदार आहों हें विसरूं नये.

या पट्ट्यापुरता आणखी एक विचार सांगावासा वाटतो. चाकण-राजगुरुनगरच्या बाजूस विमानतळ व्हावा अशी योजना अनेक वर्षें चर्चेंत होती. शेतकऱ्यांनीं जमिनी देण्यास विरोध केला, आणि अखेर २०१६ सालीं ती पुरंदराकडे वळविण्यांत आली. ज्या चाकणच्या किल्ल्यानें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखालीं शाइस्तेखानास सुमारें दोन महिने अडवून धरलें, त्या गांवचे लोक आपली माती सहजीं सोडीत नाहींत, एवढें यावरून दिसतें. आज तेथील मोटारी व सुटे भाग जगभर जातात, पण तेथील मनुष्यास जग पाहावयाचें तर आधीं घांट उतरावा लागतो. यांत विमानतळ हवा म्हणणाऱ्यांची निकड खरी आहे, आणि बागायती जमीन जाणाऱ्याची व्यथाहि तितकीच खरी आहे. प्रगतीचा हिशेब मांडतांना जमीन देणाऱ्याचें नांव जमेच्या बाजूस लिहिण्याची आपणांस संवय नाहीं. ती लावून घेतली पाहिजे. २०२५ च्या डिसेंबरांत नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यानें आमची वाट थोडी जवळ आली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास एका गोष्टीनें मात्र खंत वाटते. या कंपनीचें पहिलें उड्डाण कराचीहून झालें. १९८२ सालीं, त्या घटनेस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, अठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. तशाच लहान विमानांतून कराचीहून मुंबईस पुनः आले होते. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, आणि भारतानेंहि तेंच केलें; पश्चिमेस जाणाऱ्या आपल्या विमानांस वळसा घालून जावें लागलें. आकाश ज्याचें त्याचें, हें शिकागोचें तत्त्व कायद्यानें निर्दोष आहे. पण १९३२ सालीं टपालाची एक पिशवी ज्या वाटेनें सकाळीं निघून दुपारीं आली, ती वाट माणसांनींच बुजवावी हें पाहून मन उदास होतें.

असो. अण्णा व वहिनी जाऊन आले. नातीचें बारसें तिकडेच झालें. परत आल्यावर वहिनींनीं मला एवढेंच सांगितलें कीं, विमान जमीन सोडीत असतां त्यांनीं डोळे मिटून घेतले होते, पण उतरतांना मात्र उघडे ठेवले. अण्णांनीं ती वही मला आणून दिली. शेवटच्या पानावर त्यांच्या कामगारी वळणाच्या अक्षरांत दोन स्तंभ आंखले होते: एकांत ज्या गोष्टी चांगल्या झाल्या त्या, दुसऱ्यांत ज्या व्हावयास पाहिजे होत्या त्या. दुसरा स्तंभ पहिल्याहून थोडा लांब होता. "कंपनीला हें पाठवायचें आहे, सर," ते म्हणाले, "इंग्रजींत करून द्याल ना?" मीं वही घेतली आणि त्याच रात्रीं तें पत्र लिहून दिलें.